कॅप्टन मोहरीलांचा पांढरा दगड

पळसाचं झाड डाव्या अंगानं मागे गेलं आणि विमान अजून जमिनीवरच होतं.

मी कॅप्टनच्या मागच्या खुर्चीत होते. मला त्यांची मान दिसत होती आणि उजवा हात. तो हात इंजिनांच्या दोन दांड्यांवर होता. दांडे पुढे ढकलले की इंजिनं जोर धरतात, मागे ओढले की विमान थांबवता येतं, एवढं मला बारा वर्षांत कळलं होतं. मी त्या हाताकडे पाहत होते. आता ओढतील, आता ओढतील, असं मनात म्हणत होते. हात हलला नाही. मान मात्र डावीकडे वळली होती. ते बाहेर काहीतरी शोधत होते. बाहेर दगडामागून दगड पळत होते आणि सगळे पांढरे होते.

शेजारच्या खुर्चीतले छोटे सेठ ओरडले, "उठाओ ना, कॅप्टन!"

विमान उठलं. कमरेइतकं उठलं असेल. मग खाली बसलं, चाकं आपटली, पुन्हा उठलं. माझ्या मागचे एक पाहुणे हसले. लहान विमानात त्या सकाळीच पहिल्यांदा बसले होते, त्यांना वाटलं असंच असतं. पट्टी संपली. पुढे शेताचा धुरा, म्हणजे मातीचा उंच बांध, होता आणि धुऱ्यामागे सागाची झाडं. कॅप्टननी दोन्ही हातांनी समोरचं सुकाणूचं चाक पोटाशी ओढलं.

चाकं धुऱ्याला लागली तो आवाज मला आठवतो. त्यानंतरचं थोडंच आठवतं.

कॅप्टन मोहरील आमच्या कंपनीचे चीफ पायलट. कंपनी मँगनीजची. खाणी जंगलात, ऑफिस नागपुरात. रस्त्यानं खाणीवर जायला अख्खा दिवस मोडायचा आणि पावसाळ्यात रस्ताच नसायचा, म्हणून मोठ्या सेठनी विमान घेतलं होतं. सोनेगावच्या विमानतळाच्या कडेला कंपनीचा पत्र्याचा शेड होता. आतल्या खोलीच्या दारावर 'चीफ पायलट' अशी पितळी पाटी होती. चीफ म्हणायला हाताखाली माणसं किती, तर वानखेडे नावाचा एक तरुण पायलट, युसुफ मिस्त्री आणि मी.

मी उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी, नागपूरच्या कोष्ट्याची बायको. शाळा चौथीपर्यंत. नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हा घरात तीन मुलं होती. साठ सालानंतरची गोष्ट. कंपनीचं पहिलं विमान जुनं होतं आणि त्याच्या शेपटीचे हलणारे भाग कापडाचे होते. कापड सांगाड्यावर शिवायचं आणि वरून रोगण लावायचं. युसुफ मिस्त्री इंजिनात हुशार होता पण सुई धरायचा ती पाना धरल्यासारखी. म्हणून कॅप्टन आमच्या वस्तीत आले आणि सर्वांत बारीक टाका कोणाचा, असं घरोघर विचारत फिरले. लोकांनी माझं घर दाखवलं. उंच, वाळका माणूस, कान बाहेर आलेले. ओट्यावर बसले. खिशातून फाटलेल्या कापडाचा तुकडा काढला आणि म्हणाले, "शिवा."

मी शिवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला. मग एक टोक बुटाखाली धरून ओढला.

"काहून ओढून राहिले जी? लुगडं असं कोणी ओढते का?"

"लुगडं नाही, बाई. ही शिवण सुटली तर माणूस मरतो."

"मंग ओढा अजून."

सुटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

आठ दिवसांनी शेपटीचं काम संपलं. मी सुया पुसून ठेवत होते. कॅप्टन म्हणाले, "चला, बसा." मला वाटलं चहाला बसा म्हणतात. ते विमानाचं दार उघडून उभे होते. तो त्यांचा नियम होता. ज्यानं विमानाला हात लावला, त्यानं पहिल्या फेरीत बसायचं. युसुफ मिस्त्री एकदा पकड इंजिनाच्या झाकणाखाली विसरला होता. ती वेळेवर सापडली. कॅप्टन त्याला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच इंजिनाच्या बाजूच्या खिडकीत बसवलं आणि खाणीपर्यंत नेऊन आणलं. युसुफ उतरला तो आधी ओकला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, हा माणूस शिव्या देत असता तर बरं झालं असतं. शिव्या घरी जाऊन विसरता येतात."

मी त्या पहिल्या फेरीत बसले. घाबरले का? घाबरले. पण खिडकीतून शेपटी दिसत नव्हती म्हणून घाबरले. आपलं काम डोळ्यांसमोर असलं की माणसाला भीती कमी वाटते.

दोन वर्षांनी जुनं विमान गेलं, दोन इंजिनांचं नवं आलं. ते सगळं पत्र्याचं होतं, त्यात शिवायला काही नव्हतं. मला वाटलं आता घरी पाठवतील. कॅप्टननी मला खुर्च्यांच्या खोळी दिल्या, चहा दिला आणि काटा दिला.

काटा म्हणजे माणसं तोलायचा काटा. लकडगंजच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून जुना आणला होता. त्यावर आधी पोती चढायची, आता आमचे साहेब लोक चढायचे. विमानात बसणारा प्रत्येक माणूस आणि त्याची प्रत्येक पिशवी आधी काट्यावर. मी वजनाचा आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि खडूनं पाटीवर लिहायचा. कॅप्टन पाटी पाहून मनात हिशेब करत, आणि जास्त झालं तर बोट दाखवून सांगत, "तुम्ही उतरा." बोट कोणाकडेही जायचं. ऑफिसातल्या लोकांना त्याचा फार राग यायचा. विशेषतः मी आकडा मोठ्यानं म्हणत असे त्याचा. एक जाडे वकीलसाहेब मला म्हणाले, "हळू बोल वं, बाई." मी म्हटलं, "हळू बोलल्यानं वजन कमी होत नाही जी."

एकदा मोठ्या सेठचे कोणी महाराज आले. ते काट्यावर पाय ठेवेनात. म्हणाले, "आम्ही देह नव्हे, आत्मा आहोत. आत्म्याला वजन नसतं."

कॅप्टन म्हणाले, "मग देह इथं बाईंजवळ ठेवा. आत्म्याला मी नेऊन सोडतो."

मोठे सेठ खो खो हसले. महाराज काट्यावर चढले. एकशेचार किलो भरले.

कॅप्टन स्वतः अठ्ठावन्न किलो होते आणि इतक्या वर्षांत ते छप्पन्नाच्या खाली गेले नाहीत की साठाच्या वर आले नाहीत. दही-भाताचा एक लहान डबा आणत. त्यातलंही उरवत. त्यांची बायको एकदा शेडवर आली होती तेव्हा मला म्हणाली, "यांचं घरी पण असंच. पाहुणा दारात आला की आधी त्याच्या पोटाकडे पाहतात."

दुसरी सवय चालायची. खाणीजवळची धावपट्टी कच्ची होती, मुरमाची, आखूड. तिथून निघताना कॅप्टन प्रत्येक वेळी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचे. पावलं मोजायचे, खडे लाथेनं उडवायचे, उंदरांची बिळं बुजवायला लावायचे. सकाळी उतरलो असलो तरी दुपारी पुन्हा चालायचे. पट्टीच्या अर्ध्याच्या जरा पुढे, डाव्या बाजूला, पळसाच्या झाडापासून थोडं अलीकडे त्यांनी एक दगड रोवला होता आणि त्याला चुना लावला होता. निघताना त्या दगडाशी विमानाला पुरेसा वेग आला नसेल तर तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही. दगडापर्यंत थांबता येतं, दगडानंतर थांबायला जमीन उरत नाही. मी दोनदा त्यांना दगडाशी थांबताना पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी विमान वळवून परत आणलं, एक माणूस उतरवला आणि पुन्हा निघाले. चेहऱ्यावर काही नाही.

"आभाळ पुष्कळ आहे, बाई," ते म्हणायचे. "कमी पडते ती जमीन."

उन्हाळ्यात तर फारच. नागपूरचं ऊन कसं असतं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. कॅप्टननी मला समजावलं होतं की तापलेली हवा पातळ होते, पंखांना आधार देत नाही, म्हणून थंडीत जे वजन सहज उचललं जातं ते मे महिन्याच्या दुपारी उचलत नाही. एप्रिल लागला की ते खाणीवरून अकरा ते पाच या वेळेत विमान हलवत नसत. कोणी कितीही म्हणो.

कोणी कितीही म्हणो, हे मी पाहिलेलं सांगते. मोठ्या सेठचा धाकटा भाऊ खाणीवर होता. त्याला छातीची कळ आली. तारेवर निरोप आला तेव्हा नागपूरवर वादळ चढलं होतं, धुळीनं शेडचं दार दिसत नव्हतं. मोठे सेठ गाडीतून उतरले ते थेट विमानाकडे. कॅप्टन म्हणाले, "नाही."

सेठ हात जोडून म्हणाले, "कॅप्टन, मेरा भाई है."

"कळतं. दोन तास."

सेठनी शिव्या दिल्या. रडले. कॅप्टन विमानाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन तासांनी वारा पडला, आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा भाऊ गेलेला होता. अर्धा तास झाला होता. म्हणजे लगेच निघालो असतो आणि धड पोहोचलो असतो, तर शेवटची भेट झाली असती. कॅप्टननी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि सेठपासून दूर जाऊन उभे राहिले. पट्टी चालले नाहीत असं मात्र नाही. परत निघताना चालले.

महिनाभर मोठे सेठ त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस शेडमध्ये आले, कोणी न सांगता काट्यावर चढले आणि मला म्हणाले, "बोलो बाई, कितना?" तिथं ते प्रकरण मिटलं. कॅप्टन चांगले की वाईट हे मी तेव्हा ठरवलं नाही. एवढं कळलं की या माणसाच्या 'नाही'वर आम्ही सगळे जिवंत आहोत.

मग मोठे सेठ थकले आणि कारभार छोट्या सेठकडे आला. मुलगा तिशीच्या आतला, परदेशी शिकून आलेला. लोक आता त्याला राक्षस करतात. तो राक्षस नव्हता. तो घाईत होता. बाप विमानात मागे बसून पेपर वाचायचा, हा पुढे कॅप्टनच्या शेजारी बसायचा आणि घड्याळ पाहायचा. काट्याला त्यानं पहिल्याच दिवशी नकार दिला. "मैं क्या बोरी हूँ?" म्हणाला. कॅप्टननी त्याला उतरवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एकाहत्तर लिहा." डोळ्यांनी तोललं होतं. मला ते खटकलं. इतक्या वर्षांत पाटीवर पहिल्यांदा न तोललेला आकडा लिहिला गेला.

त्या वर्षी कॅप्टन चौपन्नाचे होते. चष्मा लागला होता. दर सहा महिन्यांनी त्यांची सरकारी डॉक्टरी तपासणी व्हायची. तिची तारीख जवळ आली की त्यांचा दही-भात सगळाच उरायचा. वानखेडे बत्तीसचा होता, छोट्या सेठला हो म्हणायचा. एप्रिलमध्ये कॅप्टन दोनदा उन्हासाठी अडून बसले. दुसऱ्यांदा छोटे सेठ शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "कॅप्टन, और एक बार 'नहीं' बोलना, फिर चाबी वानखेडे की."

वानखेडे बुटाची नाडी बांधत बसला. ती बांधलेलीच होती.

छोटे सेठ गेल्यावर कॅप्टन रिकाम्या पिंपावर बसले. मी चहा दिला. ते म्हणाले, "जमिनीवर बसून मी काय करू, बाई?"

"बाकीचे लोक करतात ते करा जी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिवी दिली. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. पण अख्खं नागपूर जमिनीवर राहतं, मला त्यात काही भयंकर दिसत नव्हतं. आजही दिसत नाही.

मे महिन्यात कलकत्त्याच्या पोलाद कारखान्याचे दोन पाहुणे खाण पाहायला आले. मोठी खरेदी व्हायची होती. छोटे सेठ, दोन पाहुणे, कॅप्टन आणि चहासाठी मी, असे सकाळी सात वाजता निघालो. खाणीवर उतरलो तर पट्टी ओळखू येईना. दोन्ही बाजूंना ओळीनं दगड मांडलेले आणि प्रत्येक दगड चुन्यानं पांढराफेक. मॅनेजर ठवरे हार घेऊन उभे होते. ठवरे भला माणूस होता, भित्रा. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे दिसेल त्याला चुना लावतात, झाडाच्या बुंध्यापासून संडासाच्या पायरीपर्यंत. त्यानंही लावला होता.

पाहुणे पुढे गेल्यावर कॅप्टननी त्याला गाठलं. "ठवरे, हे काय करून ठेवलं?"

"साहेब लोक येऊन राहिले म्हणून जी. दोनशे दगड झाले. आठ बाया लावल्या होत्या."

"माझा दगड कुठला?"

ठवरेंना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. "त्याले बी लावला जी. ताजा चुना."

"दुपारच्या आत माझ्या दगडाला गेरू लावा. लाल. दुरून दिसला पाहिजे."

"आत्ताच पाठवतो माणूस," ठवरे म्हणाले. पण मग जेवणाची पंगत, पाहुण्यांना खाण दाखवणं, छोट्या सेठचं 'ठवरे इकडे, ठवरे तिकडे'. गेरू राहिला.

अडीच वाजता छोटे सेठ म्हणाले, निघू. पाहुण्यांचं नागपूरहून साडेचारचं विमान होतं. पत्र्याच्या छपराखाली उभं राहवत नव्हतं. विमानाच्या पंखाला हात लावला तर कातडी सोलेल, इतकं ऊन.

कॅप्टन म्हणाले, "पाच वाजता."

"मग आपण नागपूरला पोहोचेपर्यंत त्यांचं विमान कलकत्त्याच्या अर्ध्या वाटेत असेल."

"मग दोघा पाहुण्यांनाच नेतो. तुम्ही आणि बाई जीपनं या."

छोटे सेठ हसले. "मालक जीपनं जाईल? आणि यांना चहा कोण देईल?"

चाळीस मिनिटांचा प्रवास. त्यात चहा द्यायला मी विमानात होते. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. माझा जीव किती पैशांचा होता, एवढंच सांगते.

वर पाहुण्यांनी दगडाचे नमुने मागितले होते. दोन लहान पिशव्या, कापडाच्या. मँगनीज दिसायला मूठभर आणि उचलायला मणभर. कॅप्टननी एक पिशवी हातानं उचलली, थोडा वेळ धरली आणि मागे ठेवली. काट्यावर घातली नाही. खाणीच्या ऑफिसात काटा होता, पन्नास पावलांवर.

मी शिडीशी उभी होते. मला पट्टी दिसत होती. मी म्हटलं, "साहेब, गेरू लागला नाही जी. सगळेच दगड पांढरे आहेत."

कॅप्टननी पट्टीकडे पाहिलं. मला वाटलं आता ते चालायला निघतील. पहिलं पाऊल टाकलंही. छोटे सेठ आतून म्हणाले, "आता फिरायला कुठं चाललात? सकाळीच उतरलात ना इथं?" आणि घड्याळ असलेला हात खिडकीतून बाहेर काढून दाखवला.

कॅप्टन थांबले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला माझा दगड माहीत आहे. बसा, बाई."

मी बसले. इथून पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

नंतरचं जे आठवतं ते एवढंच. मी कुठेतरी उलटी होते, तोंडात माती होती, पेट्रोलचा वास होता. पुढून कॅप्टनचा आवाज आला, "बाई, कोण कोण बोलतंय?"

"मी आहो, साहेब."

"बाकीचे?"

मी हाका मारल्या. मग म्हटलं, "थांबा जी, माणसं येऊन राहिली." ठवरेंनीच मला पायाला धरून बाहेर काढलं. तो पाय खुब्यातून मोडलेला होता. मी त्यांना शिव्या दिल्या त्या ते नंतर कधी विसरले नाहीत.

दवाखान्यात तीन महिने गेले. कंपनीचा वकील माझ्या खाटेशी आला. फळं घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, चौकशीत एवढंच सांगायचं. कॅप्टननी गेरू लावायला सांगितला होता आणि मॅनेजरनं लावला नाही. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"बस. खरंच सांगायचं."

तो आधी कॅप्टनकडे जाऊन आला होता, हे मला नर्सनं सांगितलं. मला डाव कळला. ठवरेवर गेलं की कॅप्टनचं नाव वाचतं, लायसन वाचतं, कंपनीही सुटते. ठवरे तुरुंगात गेला असता. त्याला चार मुली होत्या. मी खूप विचार केला असं म्हणणार नाही. मी ठरवलं, विचारतील तेवढंच बोलायचं.

चौकशी एका सरकारी बंगल्यात झाली. मी काठी घेऊन गेले. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, गेरू सांगितला होता का? मी म्हटलं, हो. लावला होता का? मी म्हटलं, नाही. मग विचारलं, "तो लावला नाही हे निघण्यापूर्वी कॅप्टनला माहीत होतं?"

मी म्हटलं, "मी मागे बसली होती जी."

दाराशी ठवरे उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

मग कॅप्टनना बोलावलं. उजवा हात गळ्यात बांधलेला, खांदा कायमचा गेलेला. वकिलानं त्यांच्यासमोर लिहून आणलेल्या जबाबाचा कागद ठेवला. त्यांनी तो उलटा केला. ते म्हणाले, "बाईंनी मला सांगितलं होतं. शिडीशी उभं राहून सांगितलं होतं. मी पट्टी चाललो नाही. पिशव्या तोलल्या नाहीत. ती वेळ निघायची नव्हती, हे मला माहीत होतं. पळस मागे गेला तेव्हा थांबायची वेळ गेली हेही माहीत होतं. मॅनेजरनं दगड रंगवले. विमान मी चालवत होतो."

कोपऱ्यात मोठे सेठ बसले होते. ते उठून पुढे आले. त्या तीन महिन्यांत म्हातारे झाले होते. ते कॅप्टनसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"मेरा भाई मर रहा था, तब मुझे 'नहीं' बोला तुमने. मैंने गाली दी, फिर भी 'नहीं' बोला. मेरे बेटे को क्यों नहीं बोला, कॅप्टन?"

कॅप्टन उलट्या कागदाकडे पाहत राहिले. मला उत्तर माहीत होतं. मोठे सेठ शिव्या देतील पण खुर्ची काढून घेणार नाहीत, हे कॅप्टनना ठाऊक होतं. मुलगा काढून घेणार होता. माणूस कशाला भितो ते बाहेरून दिसत नाही. वादळात दाराला पाठ लावून उभा राहिलेला माणूस जमिनीवर बसायला भीत होता.

त्यांचं लायसन गेलं. ठवरे नोकरीत राहिले. शेड कंपनीनं विकून टाकला. वानखेडे दुसरीकडे लागला. मी मुलाकडे नंदनवनला राहायला गेले. कॅप्टन प्रताप नगरला असतात असं ऐकत होते. मी गेले नाही, त्यांनीही बोलावलं नाही.

सात-आठ वर्षांनी मुलाच्या घराला दाराची चौकट करायची होती म्हणून त्याच्याबरोबर लकडगंजला गेले. एका लाकडाच्या वखारीत कॅप्टन उभे होते. पलंगाची पाटी मोडली म्हणून फळी घ्यायला आले होते. जाड झाले नव्हते. उजवा हात बरगडीला चिकटलेला.

"बाई," ते म्हणाले. "पाय कसा?"

"दोन बोटं आखूड झाला जी. चालते."

"दुखतो?"

"थंडीत दुखते."

"मला उन्हात."

करवतीचा आवाज चालला होता. मग ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं. एकदाच सांगितलं."

मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही पहिल्यांदा ऐकायले पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता. "हो, बाई."

फळी डाव्या हाताखाली धरली आणि रिक्षाकडे गेले. रिक्षावाला फळी घ्यायला पुढे आला, त्याला दिली नाही. स्वतःच आडवी धरून बसले. मग रिक्षा वळली.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन उन्हाळ्यांनी ते गेल्याचं युसुफ मिस्त्रीनं येऊन सांगितलं.

त्या दुपारी विमानात आम्ही पाच जण बसलो होतो. छोटे सेठ आणि दोन्ही पाहुणे मेले. कॅप्टन मोहरील आणि मी वाचलो.